जलमग्न खडकाचा आघात आणि आउटबोर्ड यंत्राची तपासणी

मालवणच्या बंदरासमोर सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्या बेटाच्या आसपासचा समुद्र लहानमोठ्या खडकांनी व्यापलेला आहे. १६६४ मध्ये किल्ल्याचा पाया घातला गेला तेव्हा हेच खडक त्याचे नैसर्गिक संरक्षण ठरले. वाट ठाऊक नसलेल्या परक्या गलबतास तेथे शिरणे दुष्कर होते. आज त्याच पाण्यातून किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रवाशांच्या आणि मासेमारी करणाऱ्या लहान होड्या ये-जा करतात. त्यांपैकी पुष्कळशा होड्यांच्या मागील फळीवर आउटबोर्ड यंत्र टांगलेले असते. ओहोटीस उघडा दिसणारा खडप भरतीच्या वेळी हात-दोन हात पाण्याखाली जातो आणि होडीच्या तळाखाली असलेला यंत्राचा पंखा नेमका त्याच खोलीवर फिरत असतो. जाणत्या तांडेलाच्या हातूनही केव्हा तरी पंखा खडकास लागतोच.

अशा प्रसंगी सामान्यतः काय केले जाते, हे सर्वपरिचित आहे. यंत्र थांबवून वर उचलले जाते, पंख्याची पाती पाहिली जातात, आणि ती धड दिसली की प्रवास पुढे सुरू होतो. पाते वाकले असल्यास हातोडीने सरळ केले जाते किंवा पंखा बदलला जातो. या रीतीत एक गृहीत दडलेले आहे: ज्या भागास खडक लागला त्याच भागास इजा झाली असावी. प्रस्तुत लेखाचा उद्देश या गृहीतातील उणीव दाखविणे हा आहे. आघाताची ऊर्जा स्पर्शबिंदूपाशी थांबत नाही. ती यंत्राच्या एका भागातून दुसऱ्या भागात संक्रमित होते व त्या मार्गावरील सर्वांत दुर्बळ दुव्यात खर्च होते. म्हणून तपासणीचा क्रम हा बलाच्या मार्गाचा क्रम असला पाहिजे.

१. यंत्राची रचना आणि बलाचा मार्ग

नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड याने अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९०९ मध्ये आपले आउटबोर्ड यंत्र विक्रीस आणले. त्यानंतर इंजिनात अनेक सुधारणा झाल्या. परंतु यंत्राची मूळ मांडणी बव्हंशी तीच राहिली आहे. वरच्या बाजूस इंजिन असून त्याचा क्रँकशाफ्ट उभा असतो. बहुतेक यंत्रांत क्रँकशाफ्टच्या माथ्यावर प्रचक्र, म्हणजे फ्लायव्हील, बसविलेले असते. खालच्या टोकास एक लांब उभा चालक दंड जोडलेला असतो. तो पाण्याखालील दंतचक्रपेटीत उतरतो व त्याच्या टोकावरील पिनियन शंक्वाकृती दंतचक्रांच्या द्वारे पंख्याचा आडवा दंड फिरविते. चालक दंडावरच, दंतचक्रपेटीच्या वरच्या अंगास, इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप असतो. पंख्याच्या खाली पेटीच्याच ओतकामाचे एक उभे पाते असते. त्यास स्केग म्हणतात. पंख्यास तळाचा धक्का लागू नये आणि यंत्रास दिशेची स्थिरता लाभावी, हे त्याचे कार्य होय.

ही सर्व रचना एका आडव्या अक्षाभोवती मागे-वर उचलली जाईल अशा रीतीने धारकात बसविलेली असते आणि धारक होडीच्या मागील फळीस आवळलेला असतो. यावरून बलाचे दोन मार्ग स्पष्ट होतात. पहिला मार्ग फिरणाऱ्या भागांचा: पाते, पंख्याचा दंड, दंतचक्रे, चालक दंड, क्रँकशाफ्ट, प्रचक्र. दुसरा मार्ग स्थिर भागांचा: स्केग, दंतचक्रपेटी, यंत्राचा मधला खांब, रबरी आधार, धारक, होडीची फळी. पंख्याचे पाते खडकास लागले तर मुख्यतः पहिल्या मार्गाने पीळ चढतो. स्केग किंवा पेटीचे नाक आदळले तर मुख्यतः दुसऱ्या मार्गाने नमन घडते. प्रत्यक्षात दोन्ही आघात पुष्कळदा एकाच क्षणी होतात. तथापि तपासणी करताना त्यांचा विचार वेगवेगळा करणे इष्ट असते, कारण त्यांच्या खुणा वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात.

२. ऊर्जेचा हिशेब

आघाताचे स्वरूप कळण्यासाठी एक साधे उदाहरण घेता येईल. माणसांसह ८०० किलोग्रॅम वस्तुमानाची होडी १० नॉट, म्हणजे सेकंदास सुमारे ५.१४ मीटर, वेगाने जात आहे असे मानू. तिची गतिज ऊर्जा सुमारे १०,६०० ज्यूल होते. ही सर्व ऊर्जा यंत्राच्या खालच्या टोकावर आली असती, तर कोणतीही दंतचक्रपेटी टिकली नसती. ती येत नाही, कारण यंत्र आपल्या आडव्या अक्षाभोवती वर उसळू शकते. त्या अक्षाभोवती यंत्राचे जडत्व-परिबल १२ किलोग्रॅम-वर्गमीटर आणि अक्षापासून स्केगचे अंतर ०.८ मीटर धरल्यास स्केगपाशी जाणवणारे परिणामी वस्तुमान सुमारे १९ किलोग्रॅम एवढेच ठरते. त्या हिशेबाने पहिल्या धक्क्यात खर्च होणारी ऊर्जा सुमारे २५० ज्यूल होते. म्हणजे यंत्राचे वर उसळणे ही केवळ सोय नसून ते त्याचे प्रमुख संरक्षण आहे.

हे संरक्षण पुढे जातानाच मिळते. होडी मागे घेत असता खडक मागून लागला, तर यंत्र फळीकडे ढकलले जाते. त्या दिशेस त्याला हलण्यास जागा नसते आणि सर्व भार कलखिळीवर, धारकावर व फळीवर पडतो. यंत्र खाली अडकवून ठेवणारी कडी पुढे जातानाही लावलेली राहिली किंवा यंत्र उसळू नये म्हणून दोरीने जखडले असेल, तरी परिणाम तसाच होतो. म्हणून तपासणीपूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न असा: आघात कोणत्या दिशेने झाला आणि त्या वेळी यंत्र मोकळे होते काय?

आता फिरणाऱ्या भागांचा विचार करू. प्रचक्राचे वस्तुमान ३ किलोग्रॅम व परिभ्रमण-त्रिज्या ८ सेंटिमीटर धरली, तर मिनिटास ५,००० फेऱ्यांच्या गतीस त्यातील ऊर्जा सुमारे २,६०० ज्यूल असते. वरील २५० ज्यूलच्या ती दसपट आहे. पाते दोन खडकांच्या बेचक्यात अडकून पंखा अकस्मात थांबला, तर या ऊर्जेस वाट काढावीच लागते. क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात ती खर्च झाली असे मानले, तरी सरासरी परिबल सुमारे ४२० न्यूटन-मीटर येते. त्याच गतीस २५ अश्वशक्तीच्या इंजिनाचे नेहमीचे परिबल सुमारे ३५ न्यूटन-मीटर असते. दंडांवर व दंतचक्रांवर क्षणभर बारापट भार पडतो, असा याचा अर्थ होय. थांबण्याचा कोन याहून लहान असेल, तर भार त्या प्रमाणात वाढतो.

ही आपत्ती टाळण्यासाठीच पंखा दंडावर घट्ट जडविलेला नसतो. जुन्या व लहान यंत्रांत मऊ धातूची एक आडवी खीळ पंख्यास दंडाशी जोडते. अतिभार येताच ती कातरली जाते. मोठ्या यंत्रांत पंख्याच्या तुंब्यात रबराची नळी दाबून बसविलेली असते. ती गियर बदलतानाचे धक्के शोषते आणि भार मर्यादेबाहेर गेल्यास घसरते. दोन्ही योजनांचे तत्त्व एकच: अल्पमोली भागाने आधी मोडावे व बहुमोल भागास वाचवावे. तुटलेल्या खिळीच्या जागी पोलादी खिळा ठोकून काम भागविणे हा म्हणूनच अत्यंत घातक उपाय आहे. खीळ तुटत नाही याचा अर्थ पुढच्या आघातात दंतचक्राचा दात तुटतो, एवढाच असतो.

३. आघातानंतर समुद्रावर करावयाची तपासणी

आघात होताच इंजिन थांबवावे. खडकावरून सुटण्यासाठी लगेच उलट गियर टाकणे हा स्वाभाविक परंतु अयोग्य प्रतिसाद होय, कारण अडकलेल्या पंख्यास त्यामुळे दुसरा, आणि वर पाहिल्याप्रमाणे अधिक कठीण, आघात बसतो. त्यानंतरची पहिली पाहणी यंत्राची नव्हे, होडीची असते: माणसे सुरक्षित आहेत काय, तळातून किंवा मागील फळीच्या सांध्यातून पाणी येत आहे काय. वारा किंवा प्रवाह होडीला खडकाकडे नेत असल्यास नांगर टाकून मगच पुढील काम हाती घ्यावे.

यंत्रास हात लावण्यापूर्वी ते चुकूनही सुरू होणार नाही याची निश्चिती करावी. सुरक्षेच्या दोरीची कळ काढावी आणि शक्य असल्यास स्पार्क-प्लगच्या तारा सोडवाव्यात. नंतर यंत्र उचलून पाती, स्केग व पेटी पाहावी, न्यूट्रलमध्ये पंखा हाताने फिरवून त्याची कडा डुलते काय ते पाहावे आणि पेटीखाली तेल ठिबकत आहे काय याकडे लक्ष द्यावे. पाण्यावर पसरणारा तेलाचा इंद्रधनुषी तवंग ही सील किंवा पेटी फुटल्याची खूण असू शकते.

इंजिन पुन्हा सुरू केल्यावर पहिले लक्ष थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या खुणेच्या धारेकडे असावे. तळास लागलेले यंत्र वाळू व चिखल ओढून घेते. धार क्षीण झाली किंवा थांबली, तर इंजिन तापून निकामी होण्यास फार वेळ लागत नाही. यानंतर अत्यल्प गतीने गियर टाकून थरथर पाहावी. थरथर न्यूट्रलमध्ये नसून केवळ गियरमध्ये असेल, तर दोष पंख्यात किंवा त्याच्या दंडात असण्याचा संभव अधिक. ती न्यूट्रलमध्येही असेल, तर इंजिन व त्याचे रबरी आधार संशयास्पद ठरतात. इंजिनाच्या फेऱ्या वाढतात पण होडी त्या मानाने पुढे सरकत नाही, असे झाल्यास पंख्याची रबरी नळी सुटली आहे असे समजावे. अशा पंख्यावर मंद गतीने किनारा गाठता येतो. जोर दिल्यास मात्र नळी पूर्णतः घसरते.

मंद गतीचा आग्रह का, हेही एका हिशेबाने स्पष्ट होईल. पात्याचा २० ग्रॅमचा तुकडा दंडापासून १२ सेंटिमीटर अंतरावरून तुटला आहे असे मानू. पंखा मिनिटास २,५०० फेऱ्यांनी फिरत असता या असमतोलाने उत्पन्न होणारे बल सुमारे १६५ न्यूटन, म्हणजे जवळजवळ १७ किलोग्रॅम भाराइतके असते. ते सेकंदास ४० हून अधिक वेळा दिशा पालटत दंडास व सीलला हादरे देत राहते. फेऱ्या १,००० वर आणल्यास हेच बल सुमारे २६ न्यूटनांवर येते. बल गतीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून गती निम्मी केली की हादरा चतुर्थांश होतो.

४. किनाऱ्यावरील तपासणी

समुद्रावरील तपासणीने केवळ घरी परतता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर मिळते. यंत्र पुन्हा वापरण्यास योग्य आहे काय, हा स्वतंत्र प्रश्न आहे. त्याचे उत्तर किनाऱ्यावरच, सुट्या केलेल्या यंत्रावरून मिळू शकते.

(अ) पंखा. पंखा दंडावरून काढून पाहणे अगत्याचे आहे. पात्याच्या कडेवरील लहान खाच निरुपद्रवी दिसते, परंतु प्रत्येक खाच ही प्रतिबलाच्या केंद्रीकरणाची जागा असते व तेथून श्रांतीची चीर सुरू होऊ शकते. सर्व पात्यांचा कोन सारखा आहे काय, हे पंखा सपाट पृष्ठावर ठेवून आणि प्रत्येक पात्याच्या कडेची उंची मोजून कळते. रबरी नळीच्या परीक्षेसाठी आतील व बाहेरील तुंब्यावर मिळून एक सरळ रेघ रंगाने ओढावी, पंखा बसवून होडी जोराने चालवावी आणि पुन्हा पाहावे. रेघ तुटलेली दिसली, तर नळी घसरली आहे. पंखा काढल्यावर दंडाभोवती गुंडाळलेला जाळ्याचा नायलॉन धागाही पुष्कळदा सापडतो. हा धागा सील कापतो आणि त्यामुळे झालेली गळती चुकीने आघाताच्या खाती मांडली जाते.

(आ) स्केग आणि पेटी. स्केगचे टोक तुटणे हे फारसे गंभीर नाही. तो भाग झिजण्यासाठी व मोडण्यासाठीच पुढे आलेला आहे. मात्र तुटलेल्या जागेपासून एखादी चीर वर पेटीच्या भिंतीकडे गेली आहे काय, हे कसोशीने पाहावयास हवे. ॲल्युमिनियमच्या ओतकामातील बारीक चीर रंगाखाली सहज लपते. भाग स्वच्छ करून त्यावर भेदक लाल रंग लावावा, काही वेळाने पुसून पांढरा विकासक फवारावा. चिरेत शिरलेला रंग पांढऱ्या थरावर रेषेच्या रूपाने उमटतो. पेटी व मधला खांब यांच्या सांध्यात एका बाजूस फट दिसणे हे बोल्ट ताणल्याचे किंवा ओतकाम वाकल्याचे लक्षण होय. खरवडलेल्या रंगाकडेही दुर्लक्ष करू नये. खाऱ्या पाण्यात उघडा पडलेला ॲल्युमिनियम वेगाने क्षरतो; त्याच्या रक्षणासाठी बसविलेली त्यागी धातूची पट्टी आघातात निखळली असल्यास हे क्षरण सर्व पेटीभर पसरते.

(इ) पंख्याचा दंड. पात्याजवळ एक तार स्थिर बांधून पंखा फिरविला असता प्रत्येक पाते तारेपासून सारख्या अंतरावरून गेले पाहिजे. ही परीक्षा स्थूल आहे; पाते वाकले आहे की दंड, हे तिच्यावरून ठरत नाही. तो निर्णय पंखा काढून, दंडास तबकडी-मापक लावून आणि दंड सावकाश फिरवून करावा. मापकावरील एकूण फरक हा दंडाच्या उन्मध्यतेच्या दुप्पट असतो, ही गोष्ट नोंद करताना विसरू नये. निर्मात्यांच्या पुस्तिकांतून दिलेली मर्यादा सामान्यतः मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांच्या आतच असते. म्हणजे डोळ्यांस दिसण्याइतका बाक हा मर्यादेच्या पुष्कळच पलीकडचा असतो. वाकलेला दंड सरळ करून पुन्हा वापरणे योग्य नव्हे, कारण धातू एकदा वाकून पुन्हा सरळ झाला म्हणून त्याचे मूळ बळ परत येत नाही.

(ई) दंतचक्रपेटीतील तेल. सर्व तपासणीत हीच परीक्षा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत अधिक सांगणारी आहे. यंत्र काही तास उभे व स्थिर ठेवल्यानंतर पेटीचा खालचा स्क्रू प्रथम थोडा सैल करावा. पाणी तेलाहून जड असल्यामुळे तळाशी साचते व पहिल्या थेंबांतच दिसते. नंतर वरचा स्क्रू काढून सर्व तेल स्वच्छ भांड्यात घ्यावे. तेल दुधाळ असल्यास पाणी शिरून ते घुसळले गेले आहे. काळसर तेल हे केवळ जुने असू शकते. खालच्या स्क्रूवर लोहचुंबक असल्यास त्यावर चिकटलेली बारीक राखाडी लापशी ही नित्याच्या झिजेची असते. परंतु बोटांस टोचणारा कण किंवा चकचकीत कपचा सापडला, तर दंतचक्राचा अथवा बेअरिंगचा तुकडा उडाला आहे असे मानून पेटी उघडणे आवश्यक ठरते.

(उ) दाब-परीक्षा. तेल काढल्यावर रिकाम्या पेटीत हवा भरून दाब टिकतो काय ते पाहतात. दाब सामान्यतः ७० ते १०० किलोपास्कल असतो. नेमका आकडा व कालावधी त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेतून घ्यावा, कारण अधिक दाबाने धड सीलही उखडू शकते. परीक्षा चालू असता दंड फिरवावेत, कारण वाकलेला दंड एका विशिष्ट कोनातच सीलपासून दूर जातो. साबणाचे पाणी लावल्यास गळती कोठून होते हे बुडबुड्यांवरून कळते.

(ऊ) चालक दंड व पाण्याचा पंप. पेटी मधल्या खांबापासून सुटी करताना ती अडखळली, तर चालक दंड वाकल्याचा संशय घ्यावा व तोही मापकाने तपासावा. याच वेळी पंपाचा रबरी पंखा काढून पाहावा. त्याचे एखादे पान तुटले असल्यास तो तुकडा शोधून काढलाच पाहिजे. तो इंजिनाच्या पाणमार्गात पुढे जाऊन अडकलेला असतो आणि नवा पंप बसविल्यावरही इंजिन तापतच राहते.

(ए) प्रचक्र व क्रँकशाफ्ट. पंखा अकस्मात थांबला असल्यास तपासणी यंत्राच्या माथ्यापर्यंत नेणे अपरिहार्य आहे. प्रचक्र क्रँकशाफ्टवर निमुळत्या बैठकीत बसते व एक लहान चावी त्याचे स्थान निश्चित करते. प्रचक्राच्या जडत्वाने ही चावी अंशतः कातरली गेली, तर ठिणगीची वेळ बदलते. इंजिन कष्टाने सुरू होते, उलट झटका देते किंवा पूर्ण शक्ती देत नाही. तांडेल कार्बुरेटर साफ करीत बसतो आणि दोष खडकापाशी घडलेला असतो. काही दोन-धावी इंजिनांचे क्रँकशाफ्ट अनेक तुकडे दाबून जोडलेले असतात. त्यांतील सांधा पिळला गेला, तर सिलिंडरांचा परस्पर कोन बिघडतो व थरथर उत्पन्न होते.

(ऐ) धारक, फळी आणि सुकाणू. कलखीळ वाकली आहे काय, धारकाच्या कोपऱ्यांत चीर आहे काय, रबरी आधार फाटले आहेत काय आणि सुकाणू दोन्ही बाजूंस सारखेच फिरते काय, हे पाहावे. जलदाबाने यंत्र उचलणाऱ्या योजनेत अकस्मात धक्का सोसणाऱ्या झडपा असतात. तेथे दट्ट्याचा दंड वाकणे व तेल गळणे या खुणा शोधाव्यात. फायबरच्या होडीत मागील फळीच्या बोल्टांभोवती उमटलेल्या केसासारख्या रेषांकडे विशेष लक्ष द्यावे. फळीच्या आत पुष्कळदा लाकूड असते. बोल्टाच्या भोकातून शिरलेले पाणी ते आतून कुजविते. लाकडी हातोडीने हलके ठोकीत गेल्यास निरोगी भाग खणखणीत व कुजलेला किंवा थर सुटलेला भाग बद्द वाजतो.

५. विलंबाने प्रकट होणारी हानी

वरील सर्व परीक्षा निर्दोष ठरल्या, तरी एक तपासणी शेष राहते. ती काळाची होय. सीलला झालेली सूक्ष्म इजा पहिल्या दिवशी दिसत नाही. यंत्र चालत असता पेटीतील तेल व हवा तापून प्रसरण पावतात आणि आतील दाब किंचित वाढतो. त्या वेळी पाणी आत येत नाही. होडी थांबली व पेटी समुद्राच्या पाण्यात थंड झाली की आतील हवा आकुंचित होते आणि दुबळ्या सीलमधून थोडे पाणी ओढले जाते. असे दररोज घडत राहिले, तर काही आठवड्यांत तेलाचे वंगण-गुण नष्ट होतात. त्यातही पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवल्यावर हे खारे पाणी पेटीच्या तळाशी महिनोन् महिने बेअरिंग गंजवीत राहते. हंगामाच्या प्रारंभी यंत्र अडकते, तेव्हा कित्येक महिन्यांपूर्वीच्या खडकाची आठवण कोणास नसते.

म्हणून आघातानंतर सुमारे दहा तास यंत्र चालवून पेटीतील तेल पुन्हा पाहावे, आणि यंत्र दीर्घ काळ ठेवून देण्यापूर्वी ते अवश्य बदलावे. आघाताची तारीख, दिशा, त्या वेळची अंदाजी गती आणि आढळलेल्या गोष्टी यांची वहीत नोंद ठेवल्यास पुढील दोषाचा उगम शोधणे सुलभ होते. यंत्रदुरुस्ती करणाऱ्यासही अशा नोंदीमुळे कोणत्या मार्गाने शोध घ्यावयाचा याची दिशा मिळते.

६. समारोप

उपर्युक्त विवेचनावरून तीन गोष्टी ध्यानात येतील. पहिली, दिसणारी हानी व झालेली हानी यांचे प्रमाण निश्चित नसते. ज्या पंख्याची पाती पार वाकली त्याने कदाचित सर्व ऊर्जा स्वतःतच जिरवून दंडास वाचविले असेल. जो पंखा जशाचा तसा राहिला, विशेषतः कठीण स्टेनलेस पोलादाचा असेल तर, त्याने ती ऊर्जा मागे दंतचक्रांकडे पाठविली असेल. अक्षत पंखा पाहून निर्धास्त होण्याऐवजी अधिक सावध होणे हेच सयुक्तिक ठरते. दुसरी, आघाताची दिशा व प्रकार कळल्यास तपासणी आंधळी राहत नाही. पीळ कोठपर्यंत पोहोचला असेल आणि नमन कोठे थांबले असेल, याचा तर्क आधी बांधता येतो. तिसरी, तपासणी ही एकवेळची क्रिया नसून तिचे तीन काळ आहेत: आघातस्थळी, किनाऱ्यावर, आणि काही तासांच्या वापरानंतर.

मोठ्या जहाजावर एक यंत्र बंद पडले तर दुसरे असते. लहान होडीवर बहुधा एकच यंत्र असते. खडकांच्या चिंचोळ्या वाटेत, वारा खडकाकडे वाहत असता, त्या एका यंत्राच्या एका दंतचक्रावर होडीतील सर्वांची सुरक्षितता अवलंबून असते. हंगामाच्या दिवसांत होडी एक दिवस किनाऱ्यावर ठेवणे म्हणजे त्या दिवसाची कमाई गमावणे होय, आणि म्हणूनच पाती पाहून निघण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु पेटीचा खालचा स्क्रू सैल करून पहिले चार थेंब पाहण्यास काही मिनिटेच लागतात. संपूर्ण तपासणी तत्काळ शक्य नसली, तरी एवढी परीक्षा केल्यावाचून दुसऱ्या दिवशी होडीत माणसे घेऊ नयेत, हा या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.